हिरामावशीचे धवले

"फायली गेल्या" असं म्हणत कोणी दुकानात शिरलं की मी आधी त्याला बसायला स्टूल द्यायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे, "गेल्या हे कळल्यावर तुम्ही काय काय केलंत?"

"काहीच नाही," असं उत्तर हमखास यायचं आणि ते हमखास खोटं असायचं. माणसं लबाड नसतात, घाबरलेली असतात. घाबरलेला माणूस कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू करतो, दिसेल ते बटण दाबतो, शेजाऱ्याच्या भाच्याला बोलावतो. सगळे उपाय थकले की मग माझ्याकडे येतो. म्हणून माझं निम्मं काम कॉम्प्युटर उघडण्याआधीच, गप्पा मारता मारता व्हायचं.

माझं दुकान भिवंडीत कामतघरच्या रस्त्यावर होतं. आधी तिथं माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. शिकवता शिकवता बिघडलेले दुरुस्त करायला लागले आणि हळूहळू शिकवणं मागे पडलं. मागच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालायचे. त्या खटखटीची इतकी सवय झाली होती की ती थांबली की आम्ही दचकायचो. थांबली म्हणजे लाइट गेली. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे लाइट येण्यापेक्षा जाण्याचाच भरवसा जास्त होता.

बाहेरच्या माणसाला हे काम जादूटोण्यासारखं वाटतं. तसं त्यात काही नाही. भिवंडीच्या माणसाला मी गाळ्याचं उदाहरण द्यायचे. भाडेकरू गाळा सोडून गेला, मालकाने बाहेर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी लावली, पण आतलं सामान तसंच पडून आहे. फाइल पुसली म्हणजे एवढंच होतं. कॉम्प्युटर फक्त पाटी लावतो. नवा भाडेकरू येईपर्यंत जुनं सामान बाहेर काढता येतं. नवा आला आणि त्याने आपले लूम मांडले की मग संपलं. म्हणून पहिला नियम असा, की फाइल गेली की कॉम्प्युटर बंद करा आणि त्यात नवीन काहीही टाकू नका. हा नियम मी दुकानात मोठ्या अक्षरात लिहून लावला होता. अर्थात तो वाचायला माणूस दुकानात येईपर्यंत उशीर झालेला असायचा.

अपडेटचं दुखणं थोडं वेगळं. अपडेट म्हणजे कॉम्प्युटर ज्या मूळ यंत्रणेवर चालतो तिची डागडुजी. ती चालू असताना मध्येच लाइट गेली तर कधी कधी कॉम्प्युटर आपल्या जुन्या माणसाला ओळखेनासा होतो. त्याच नावाचा एक नवा माणूस तयार करतो आणि त्याच्यापुढे कोरी पाटी ठेवतो. बिचारा मालक सकाळी बघतो तर पडद्यावरचे फोटो, पत्रं, गाणी, सगळं गायब. खरं तर सगळं आतच असतं, जुन्या माणसाच्या खोलीत. ती खोली कुठे आहे हे ठाऊक असलं की दहा मिनिटांचं काम. अशा वेळी लोक माझ्याकडे देवी बघावी तसे बघायचे आणि मीही, खोटं कशाला बोलू, दहा मिनिटांच्या कामाला जरा तासभर लावायचे. लगेच हातात दिलं तर माणसाला वाटतं काही गेलंच नव्हतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई रिक्षातून चादरीत गुंडाळलेला नुसता मॉनिटर घेऊन आल्या होत्या. कॉम्प्युटरचा डबा घरीच. मी म्हटलं, "अहो, फोटो यात नसतात." त्या म्हणाल्या, "पण दिसायचे तर यातच." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपणही माणूस जिथं दिसतो तिथंच शोधतो. गणेशपुरीचे एक एसटी कंडक्टर नाटक लिहायचे. अपडेटनंतर त्यांच्या फायली होत्या जागेवरच, पण मराठी अक्षरांचा फॉन्ट उडाला होता, त्यामुळे नाटकातली सगळी पात्रं अचानक इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं बोलू लागली होती. फॉन्ट पुन्हा टाकला आणि सगळी सरळ मराठीवर आली. कंडक्टरसाहेबांनी तिथंच पहिला प्रवेश वाचला आणि खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मघाशी जास्त बरं वाटत होतं."

आणि काही वेळा हाताला काहीच लागायचं नाही. एका नवराबायकोच्या सहलीचे सगळे फोटो गेले होते आणि ते गेल्यावरही महिनाभर त्याच कॉम्प्युटरवर काम चालू होतं. मी खूप शोधलं. निघाला तो अर्धा फोटो, वर आभाळ आणि खाली राखाडी पट्टी. तो त्यांनी नेला. त्या आभाळाचं त्यांनी काय केलं असेल, हे माझ्या मनात अजून येतं.

पण मला सांगायचं आहे ते कल्पनाबद्दल.

दुपारची वेळ होती. तिशीतली एक बाई कॉम्प्युटरचा डबा लेकराला घ्यावं तसा दोन्ही हातांनी छातीशी धरून दुकानात आली. तिच्यामागे मोटरसायकलवर एक तरुण होता, तो आत आला नाही. समोरच्या पानटपरीपाशी गाडी लावून तिथंच उभा राहिला.

डबा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "ताई, माझ्या आईंचा आवाज गेलाय."

मला वाटलं ही दवाखाना समजून चुकून इकडे आली. मग ती म्हणाली, "सासूबाईंचा. यात होता."

ती मानकोलीच्या बाजूच्या एका गावातली सून. माहेर शहापूरकडचं. गावात लहान मुलांची बालवाडी चालवायची. सासरे कधीच वारले होते. घरात सासू, नवरा आणि धाकटा दीर महेश. तोच तो टपरीपाशी उभा राहिलेला. नवऱ्याची गोदामात शिफ्ट ड्युटी, दीर टेम्पो चालवायचा. सासूचं नाव हिराबाई. पंचक्रोशीत त्यांना सगळे हिरामावशी म्हणत, कारण त्या धवलारीण होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते म्हणणारी ती धवलारीण. जुनी माणसं सांगतात की एके काळी भटजी नसला तरी चालायचं, धवलारीण नसली की लग्न अडायचं. हे धवले कुठे लिहिलेले नसतात. एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जातात. हिरामावशींच्या मागे मात्र कोणी उभं राहिलं नव्हतं. लग्नात मोठमोठे स्पीकर आले, आणि हळदीच्या दिवशी म्हाताऱ्यांचं गाणं ऐकायला कोणाला वेळ राहिला नाही.

कल्पनाला हे सगळं नवीन होतं. तिच्या माहेरी ही पद्धत नव्हती. लग्न होऊन आल्यावर तिने पहिल्यांदा सासूचा आवाज ऐकला तो तिच्याच हळदीत. मग घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तिला सुचलं. दुपारी जेवणं आटोपली की सासूबाई वाल सोलायला बसायच्या, ती त्यांच्यापुढे माइक धरायची आणि म्हणायची, "आई, आज कुठला?" असं करत दोन उन्हाळे गेले. धवला झाला की ती त्या फाइलला विधीचं नाव द्यायची आणि ठेवून द्यायची.

"आणि मग आईंना लकव्याचा अटॅक आला," ती म्हणाली. "अर्धं अंग गेलं. वाचा गेली. आता डावा हात तेवढा चालतो."

मी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. थोड्या वेळाने माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कळल्यावर काय काय केलंत.

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली आणि टपरीकडे न बघता म्हणाली, "त्यांना विचारा."

मी रस्ता ओलांडून गेले. महेशने मला येताना पाहिलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"मॅडम, मीच अपडेट लावला व्हता," तो म्हणाला. "अर्ध्यात लाइट गेली. परत चालू केला तं वहिनीचा सगला गायब. मंग आत शोधला तं दोन कल्पना दिसल्या. येक रिकामी, येक भरलेली. मना वाटला डुप्लिकेट हाय, गोंधल त्याच्यानंच होत असंल. म्हून येक काडून टाकली."

"भरलेली?"

"हं."

"काढताना त्याने विचारलं नाही, फायली ठेवू का काढू?"

"विचारला. विंग्रजीत. मी दाबला कायतरी."

"आणि नंतर?"

"नंतर पोरांना पिच्चर पायजे व्हते. ते टाकले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवा मना ठावं नव्हता आत काय व्हता ते. वहिनी दुपारची गाना भरते येवढाच ठावं. आता ती माझ्याशी बोलत न्हाय. जेवाला वाढते, पन बोलत न्हाय."

म्हणजे दहा मिनिटांचं काम त्याने माझ्या नियमाच्या नेमकं उलट वागून अवघड करून ठेवलं होतं. गाळा रिकामा झाल्याची पाटी लागली होती, आणि नवे भाडेकरू आपले लूम घेऊन आतही शिरले होते. प्रश्न एवढाच होता, की त्यांनी किती जागा अडवली.

दुकानात परत आले तेव्हा कल्पना म्हणाली, "त्यांना सांगा, मला घरी सोडायची गरज नाही, मी रिक्षाने जाईन." बाहेरून तो म्हणाला, "मॅडम, वहिनीला सांगा, ऊन हाय." दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं आणि निरोप्या मी. शेवटी ती त्याच्याच मागे बसून गेली, पण मधे पिशवी ठेवून.

काम असं करायचं असतं. डब्यातली हार्डडिस्क काढायची, म्हणजे ज्यात सगळं साठतं तो भाग. ती आपल्या मशीनला अशी जोडायची की तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल. मग तिचा कोपरा न कोपरा वाचत जायचं, आणि जिथं आवाजाच्या फाइलची सुरुवात वाटेल तिथून तो तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा. हे हळू चालतं. अख्खा दिवस जातो. आणि मध्ये लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझी बॅटरी एक कप चहा होईपर्यंत टिकायची. शिवाय ती डिस्क जुनी होती, फिरताना अधूनमधून टिकटिक करायची. तो आवाज आम्हाला आवडत नाही. प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करायची म्हणजे तिचं आयुष्य थोडं थोडं खर्चायचं.

पहिल्या दिवशी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून पुढे गेलं आणि मागच्या गल्लीतले लूम एकदम गप्प झाले. मी कपाळाला हात लावून बसले.

शेजारच्या गाळ्यात रफीकभाई होते. लग्नकार्यात मंडप, लाइट, लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. माझं तोंड बघून ते दारात आले. "क्या हुआ, सुनंदाबहन? किसका क्या गुम हुआ?"

मी सांगितलं. मानकोलीकडच्या एका धवलारणीचा आवाज आहे, आता ती बोलू शकत नाही.

"हिराबाई?" ते म्हणाले.

मी मान हलवली. ते खुर्ची ओढून बसले. "अरे, उनको मैं जानता हूँ. हल्दी में मेरा भोंगा बंद करवाती थीं. सीधा आके बोलतीं, ए रफीक, तुजा बंद कर, मना गाऊ दे. मैं बोलता, अम्मा, पार्टी ने पैसा दिया है. तो बोलतीं, मग ऐक. और बिना माइक के गाती थीं, पूरे मंडप में सुनाई देता था. बाद में उन्होंने आना छोड़ दिया. मेरा आवाज़ ज़्यादा बड़ा हो गया था."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जनरेटर माझ्या दाराशी होता. मांडवाची एक ऑर्डर त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली होती, हे मला नंतर कळलं. दिवसभर त्या जनरेटरची धडधड आणि आत डिस्कची टिकटिक. मधे लाइट गेली, लूम बंद पडले, गल्लीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली, आणि माझं मशीन मात्र वाचत राहिलं. रफीकभाई दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "कहाँ तक पहुँचीं अम्मा?"

दिवेलागणीच्या आधी काम संपलं. पुष्कळ तुकडे निघाले होते. त्यांना नावं नव्हती. अशा वेळी नावं जातात, नुसते आकडे मिळतात. मी पहिला तुकडा लावला. आधी कोंबडीचा आवाज आला. मग गोदामात मागे येणाऱ्या ट्रेलरची पींपीं. मग कल्पनाचं हळू आवाजातलं, "हं, म्हणा आई." आणि मग तो आवाज. सरळ, जाड, कुठेही न लाजणारा. मी त्या समाजातलीच, माझ्या लग्नातही धवले म्हटले गेले होते, पण तेव्हा माझं लक्ष कुठे होतं. रफीकभाई दारातच उभे होते. त्यांनी बाहेर जाऊन जनरेटर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी डब्यात नवी डिस्क बसवून, निघालेले तुकडे तिच्यावर घालून, डबा घेऊन मी स्वतःच कल्पनाच्या घरी गेले. एरवी मी घरी जात नसे. पण तुकडे बिननावाचे होते आणि कुठला कशाचा हे कल्पनाला विचारूनच लावावं लागणार होतं. घर नवं, दुमजली, गोदामाला जमीन दिल्यावर बांधलेलं. खिडकीतून बघावं तर चारी बाजूंना पत्र्याची उंच गोदामं. हिरामावशी आतल्या खोलीत होत्या. फायली गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कल्पना आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. महेश उंबऱ्यावर बसला होता, पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. मी एकेक तुकडा लावायचे, कल्पना ऐकायची. थोडे तिने ओळखले. मग अडायला लागली. चाली सारख्या, शब्दही फिरून तेच, आणि कित्येक तुकड्यांची सुरुवातच कापलेली. "हा तेलवणाचा, नवरीला तेल लावतानाचा असेल," ती म्हणायची, आणि लगेच, "नाही, हा बहुतेक हळद दळतानाचा." तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "ताई, मी फक्त भरून घेतलं हो. शिकले नाही. वाटलं, यात आहेच."

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. पुन्हा आला. हिरामावशी डाव्या हाताने पलंगाची फळी बडवत होत्या.

"आईंना त्रास होतोय," कल्पना उठली. "बंद करा ताई."

आम्ही आत गेलो. पांढरं नऊवारी लुगडं, कपाळ रिकामं, तोंड एका बाजूला ओढलेलं. पण डोळे लख्ख. त्या रागावल्या होत्या हे खरं, पण कशाने, ते आमच्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांनी हाताने दाराकडे दाखवलं, मग स्वतःकडे, मग पुन्हा दाराकडे.

महेश उंबऱ्यावरून म्हणाला, "तिला भाएर यायचा हाय."

त्यानेच येऊन आईला उचललं आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं. पुन्हा जाऊन उंबऱ्यावर बसला. मी पहिल्यापासून लावायला सुरुवात केली.

पहिला तुकडा ऐकून त्यांनी डावा हात गालावरून खाली ओढला. हळद. कल्पनाने नाव दिलं. दुसऱ्याला त्यांनी मूठ करून मांडीवर वरखाली आपटली. कल्पना म्हणाली, "मुसळ. घाणा भरतानाचा." तिसऱ्याला त्यांनी हात उंच केला आणि बोटं पसरली. आम्हाला कळेना. त्या तसाच हात धरून राहिल्या, डोळ्यांनी आम्हाला जवळजवळ दटावत. उंबऱ्यावरून आवाज आला, "उंबराची फांदी आनतात, मांडवाला." हिरामावशींनी हात खाली घेतला.

असं बराच वेळ चाललं. कधी त्या मान हलवायच्या, म्हणजे हा नंतरचा, मागे ठेवा. कधी दोन तुकडे एकाच धवल्याचे आहेत, हे दोन बोटं जोडून दाखवायच्या. स्वतःचा आवाज ऐकताना त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. एका ठिकाणी तर त्यांनी नाक मुरडलं. बहुधा तो त्यांच्या मनासारखा झाला नसावा.

मग नवरीला न्हाऊ घालतानाचा धवला आला. सुरुवात छान होती. दोन-तीन कडवी झाली आणि आवाज एकदम फाटला. कर्कश खरखर, आणि मग शांतता. इथे नवे भाडेकरू शिरले होते. मी पुढचे तुकडे शोधले, सगळे लावून पाहिले. बाकीचा कुठेच नव्हता.

हिरामावशींनी हात उचलून धरला होता. पुढे लावा, असं म्हणत होता तो हात. मी कल्पनाकडे पाहिलं, कल्पनाने माझ्याकडे. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, आता कोण सांगणार? हात तसाच होता.

आणि तेव्हा उंबऱ्यावरून गाणं सुरू झालं.

आधी मला वाटलं रस्त्यावरून कोणी जातंय. महेश पाठमोराच होता. मान खाली, कोपर गुडघ्यांवर. हलक्या, जरा घोगऱ्या आवाजात, टेम्पो चालवणाऱ्या पुरुषाच्या आवाजात, तो जिथं तुटलं होतं नेमका तिथूनच पुढे म्हणत होता. बाईमाणसाचं गाणं. आमच्याकडे पुरुष धवले म्हणत नाहीत. म्हटले तर लोक हसतात.

एक कडवं झाल्यावर तो थांबला. त्याने मागे वळून पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "लहानपनी हाच म्हनून झोपवायची मना. दुसरी अंगाई तिला येत नव्हती. लग्नाला जायची तं मना पन काखेला मारून न्यायची. कोनाकडं ठेवनार?"

"बाकीचे येतात?" मी विचारलं.

"सगले न्हाय. थोडे. अर्धे अर्धे."

कल्पना उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटावरचा माइक काढला, त्याची वायर सोडवली, डब्याला जोडली. माइक हातात धरून ती उंबऱ्याकडे वळली.

"भावजी," ती म्हणाली, "इकडे येऊन बसा. तिथून नीट येणार नाही."

तो लगेच उठला नाही. मग उठला, चपला काढल्या, आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसला. दुपारी सासूपुढे धरायची तसा माइक कल्पनाने त्याच्यापुढे धरला. "हं, म्हणा."

त्याने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत हिरामावशींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. चुकलं होतं. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा थाप. त्याने शब्द बदलून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. आईच्या तोंडाकडे बघत, अंधारात भिंत चाचपावी तसा तो चाचपत होता. चौथ्या शब्दाला थाप आली नाही. तो पुढे गेला.

मी तिथं फार वेळ बसू शकत नव्हते. दुकान बंद ठेवून आले होते. जेवढे निघाले होते तेवढे धवले दोन सीडींवर उतरवून कल्पनाच्या हातात दिले आणि सांगितलं, की एक सीडी घरात ठेव, दुसरी दुसऱ्या कोणाच्या घरी. तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. काही धवले कायमचेच गेले. महेशला ते येत नव्हते आणि हिरामावशींना म्हणता येत नव्हते. मी परत आणू शकले नाही, हे मला आजही लागतं. परत आणायचा धंदा करणाऱ्याला हिशेब नेहमी न आलेल्याचाच आठवतो.

निघताना मी पायरीवर चपला घालत होते. आत महेश पुन्हा अडला होता, आणि खुर्चीवर थापेवर थाप पडत होती.

"आई पास करत नाहीत तुम्हाला," कल्पना म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. "पुन्हा पहिल्यापासून म्हणा, भावजी. चालू आहे हे."

त्याने घसा खाकरला आणि पहिल्यापासून धरलं.